नानांसमोर ‘नाना’

चहा हळू घ्या हं, ठसका लागेल! स्वतःच्या मुलीची सोयरीक स्वतःच्याच तोंडाने मोडायला निघालेला बाप पाहिलाय कधी? बघा माझ्याकडे.

झालं असं, आमच्या मयूरीने जळगावचा मुलगा पसंत केला. मुलानेही तिला. राहिला फक्त त्याच्या आजोबांचा होकार. त्यांना अख्खी गल्ली नाना म्हणते, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय त्या घरात साधा कुकर बदलत नाहीत!

आम्ही तिघं देवपूरहून त्यांचं घर बघायला निघालो. मी निवृत्त मास्तर. एकच शब्द कुठल्या भाषेत काय अर्थाचा, हे गोळा करायचं मला वेड. पारोळा येईपर्यंत बायकोने दहादा बजावलं, "तिथे शब्दांचं पुराण काढायचं नाही!"

काढलं का मी? काढलंच!

अहो, नाना समोर बसून हसतायत, मान डोलावतायत. असा श्रोता मला वर्गातसुद्धा मिळाला नव्हता. म्हटलं, "नाना, हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. तेलुगूत नान्ना म्हणजे वडील. जपानीत नाना म्हणजे सात. आणि मलय भाषेत..."

इथे थांबावं ना माणसाने?

"...फोडातला पू!"

मुलाच्या आईचा पोहे वाढणारा हात तिथेच थांबला. बायकोने माझा पाय चेंगरला. मी घाईघाईने सावरलं, "म्हणजे आपले नाना नव्हेत हो! पिकलेल्या गळवातला म्हणतोय मी!"

मयूरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं ठरत आलेलं लग्न मी पोह्यांवर मोडलं होतं.

नाना मात्र अजून हसतच होते. त्यांनी शांतपणे खिशातून काहीतरी काढलं आणि कानात बसवलं. ऐकायचं मशीन!

"हां मास्तर, आते बोला. काय सांगी ऱ्हायनात?"

"काही नाही नाना," बायको पटकन म्हणाली, "घर फार आवडलं म्हणत होते."

"मंग झालं! पोर पसंत शे, पाव्हना पसंत शे, बठ्ठं चांगलं शे."

हुश्श! असा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! मयूरी रडता रडता हसायला लागली.

मग नाना माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "पाव्हना जास्ती बोलाले लागना का मी मशीन काढी ठेवस. घरमां शांती ऱ्हास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्साहाने म्हटलं, "अगं, ‘मामा’ या शब्दाची गंमत माहितीये का?"

बघतो तर बायको दोन्ही कानांत कापूस घालून निवांत पोळ्या लाटतेय, आणि मान डोलावतेय!