वरणातले चार थेंब

नागीण उठली ती बरगडीवर. पंधरा दिवसांत फोड सुकले, दुखणं राहिलं. पदर टेकला तरी विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. रोह्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, बाकी काही झालं नाही. असं वर्ष काढल्यावर मुलगी मला पेणला एका वैद्याकडे घेऊन गेली.

मी मुलीकडे राहते, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात. मुलगा नाही, नवरा गेला, खाडीकाठचं घर भरतीच्या पाण्यानं खाल्लं. मुलीच्या घरी राहू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कोणी मला आपल्या घरी नेलं नाही.

वैद्य शिकलेला होता, भिंतीवर डिग्री होती. त्यानं कागद लिहिला आणि हिरवट काळ्या तेलाची एक लहान बाटली दिली.

"हे विजयेचं तेल आहे, आजी. विजया म्हणजे भांग."

"म्हंजे मला रोज होळी," मी म्हटलं.

तो हसला नाही. "रात्री जेवल्यावर चार थेंब. जास्त नाही. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. हा कागद बाटलीबरोबरच ठेवायचा. आणि गाडी चालवता का?"

"मला सायकल येत नाय."

बाकावरची माणसं हसली. वैद्यानं तरी कागदावर खाली लिहिलंच : वाहन चालवू नये.

बाहेर चपला घालताना बाकावरचा एक मिनीडोरवाला, सहा सीटची रिक्षा चालवणारा, जवळ आला. त्यालाही तेच तेल होतं, चेहऱ्याची शीर दुखायची त्याची. "मलापण विचारलं त्यांनी," तो म्हणाला. "मी सांगितलं, गाडी विकली." त्याची मिनीडोर समोरच उभी होती. "दोन महिने घेतोय मावशी. दिवसभर पेण-वडखळ करतो. काय होत नाय." त्याच मिनीडोरनं त्यानं आम्हाला रामवाडीच्या स्टँडवर सोडलं. चांगली चालवली.

तेलाचा गुण आला. दुखणं गेलं नाही, पण जरा लांब जाऊन बसलं. मला झोप लागायला लागली.

आता जावयांचं सांगते. ते कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. पहाटे कोलाडच्या बाजूची माणसं उचलायची, पहिल्या शिफ्टला कंपनीत सोडायची. वीस वर्षं हेच. दारू नाही, तंबाखू नाही. लग्नात त्यांनी सुपारीसुद्धा नाकारली तेव्हा माझ्या नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आजारी बिजारी नाय ना गो हा?"

गेल्या पावसाळ्यात खड्ड्यांनी त्यांची कंबर गेली. घरी आले की जमिनीवर पडायचे, पाय खुर्चीवर. मुलगी शेकायची. गोळी मात्र घ्यायचे नाहीत. "गोळीनं डोळा जड होतो. माझ्या मागं चाळीस माणसं बसलेली असतात."

"मग माझ्यातले चार थेंब घ्या," मी म्हटलं.

"मामी, तुमचं तुम्हाला. मला त्याचा वासपण नको."

आम्ही मिठागरावर काम करणाऱ्या बाया. पोर घेऊन जायचो. जायफळ उगाळून चाटवायचं, बांधावर कापड टाकून झोपवायचं आणि मीठ ओढायचं. पोर किरकिरलं तर उद्या जायफळाचा एक वेढा जास्त. पोराला कोण विचारतं, घेतोस का म्हणून? माझा हात त्यातला. वैद्यानं काय सांगितलं ते माझ्या लक्षात होतं. पण मिनीडोरवाल्याचं तेवढं खरं मानलं.

जावयांच्या वरणात मी चार थेंब घातले. तेल कडू, म्हणून लसूण जास्त घातला. तीन रात्री. तिसऱ्या रात्रीनंतर पहाटे उठले आणि म्हणाले, "आज कंबर हलकी वाटते." मला बरं वाटलं. वाटलं, आपला हात अजून चालतो.

त्याच दुपारी ते नदीच्या पुलावरून चालत घरी आले. बूट न काढता उंबऱ्यात बसले. मुलगी बाहेर आली.

"गांजा पितो म्हणाले मला."

कंपनीनं ड्रायव्हरांची तपासणी सुरू केली होती, न सांगता, गेटवर. आधी मशिनीत फुंकायचं, मग बाटलीत लघवी. त्यात एक पट्टी बुडवतात. अंगात काही नसेल तर दोन रेघा उठतात. यांच्या पट्टीवर एकच उठली. कंपनीनं बसची किल्ली काढून घेतली. लघवी मोठ्या तपासणीला पाठवली, चौकशी लावली. काही निघालं तर नोकरी गेली.

"वीस वर्षांत ज्यांनी मला पान खाताना पायलं नाय," ते म्हणाले, "त्यांच्यासमोर उभं केलं मला बाटली घेऊन."

"मशीन चुकलं असेल," मुलगी म्हणाली.

मी तांदूळ निवडत होते. भांग नि गांजा एकाच झाडाचे, मला कळलं होतं. तेव्हाच बोलले असते तर बरं. पण मी सूपभर तांदूळ निवडून संपवले, आणि दोन दिवस गप्प राहिले. या घरातून निघाले तर जायचं कुठं, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारीण उंबऱ्याशी येऊन मुलीला म्हणाली, "बाय गो, गप बसणारी मानसंच असली निघतात." आत जावयांनी ऐकलं. बाहेर आले आणि बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लागले. तेवढं मला बघवलं नाही.

"शपथ घेऊ नका," मी म्हटलं. "मी घातलं वरणात."

शेजारीण तोंडाला पदर लावून निघून गेली. जावई ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती?"

"चार थेंब. तीन रात्री."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "त्यातल्याच एका पहाटे कोलाडच्या अलीकडं बैल आला रस्त्यात. मला उशिरा दिसला. वाटलं, वय झालं माझं."

मग मुलगी म्हणाली, "आये, तू त्यांना तान्हं पोर समजलीस काय?"

"व्हय," मी म्हटलं. "तसंच समजले."

दुसऱ्या दिवशी बाटली आणि कागद घेऊन मी कंपनीत गेले. जावई बरोबर होते. साहेब माझा नातू शोभेल अशा वयाचा. त्यानं कागद वाचला.

"आजी, हा तुमच्या नावाचा आहे."

"म्हणून तर मी आले."

"यांच्या नावाचा असता तरी मी यांना बसवर बसवलं नसतं. कागद औषध घ्यायला असतो, गाडी चालवायला नाही. रस्त्यावर पोलिसाला दाखवावं लागतं की माणसाचा गाडीवर ताबा नव्हता. आमच्या गेटवर पट्टी पुरते."

"मग ज्याला दुखतंय आणि गाडीवरच पोट हाय, त्यानं काय करायचं?"

"ते मला माहीत नाही, आजी."

सरळ बोलला. त्यानं मला लिहून द्यायला सांगितलं आणि शाईचा डबा पुढं केला. "सही येते मला," मी म्हटलं. चौथीपर्यंत शिकले आहे. लिहिलं : मी जावयाच्या वरणात त्याला न सांगता भांगेचे औषध घातले, त्याचा यात दोष नाही. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. दोन कारकुनांनी माना वर केल्या. जावई खिडकीबाहेर बघत राहिले.

महिनाभर त्यांना गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. दुसऱ्या तपासणीत दोन रेघा उठल्या, मग किल्ली परत मिळाली. माझा कागद त्यांच्या फायलीत आहे, तो निघणार नाही. बसमधली माणसं चढताना विचारतात, "काय ड्रायव्हर, आज वरण जेवलात काय?" हे त्यांनी मला सांगितलं नाही, मुलीनं सांगितलं.

पुढच्या खेपेला पेणला मिनीडोरवाला भेटला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी गाडी सोडली तर घर कोण चालवणार मावशी? तुमचा वैद्य?" तो स्टँडवर सोडतो म्हणाला. मी चालत गेले. बरगडी सगळी वाट जळत होती.

घरातून मला कोणी काढलं नाही. "राहा तुम्ही," जावई म्हणाले, "पण माझं जेवण मी वाढून घेईन." तसं ते घेतात. मी हात लावलेलं भांडं असेल तर आधी मुलीकडं बघतात. ती मान हलवते, मग डाव घालतात. मी जेवत राहते.

बाटली त्यांच्या कपाटात असते, किल्ली त्यांच्या करदोट्याला. जेवणं झाली की ते बाटली काढतात आणि माझ्यासमोर उभे राहतात.

"मामी, गाडी नाय ना चालवायची?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, थट्टा करतात. थट्टा नाही. उत्तर मिळेपर्यंत ते बाटलीचं बूच काढत नाहीत.

"नाय," मी म्हणते, आणि तोंड उघडते.