पहिल्या रांगेतला बिल्ला

सत्काराच्या सभांचा मला राग आहे. नावड नव्हे, राग. पुढे मी स्वतःच शिक्षिका झाले, त्यामुळे असल्या सभांतून सुटका अशी कधी झाली नाही. शाल, श्रीफळ, हार, ‘आपल्या शाळेचं भूषण’, मग टाळ्या. सगळ्यांचे हात वाजत असायचे आणि मी मांडीवरची पिशवी सावरत बसलेली असायचे. बरोबरच्या बाई म्हणायच्या, हिला कुणाचं कौतुक म्हणून बघवत नाही. म्हणोत बापड्या. त्यांना सगळं सांगत बसायचा माझा स्वभाव नाही.

आमचं बिऱ्हाड काळाचौकीला, गिरणीकामगारांच्या चाळीत होतं. वडील गिरणीत आणि आई घरी खाणावळ चालवायची. खाणावळ म्हणजे पाटीबिटी काही नव्हती. बायकापोरं कोकणात ठेवून मुंबईला एकटे आलेले आठ-दहा कामगार आपापल्या पाळीप्रमाणे आमच्याकडे येऊन जेवून जायचे, एवढंच. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. चाळीच्या भिंतींवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या असत, आणि नळावर पाणी भरण्यावरून भांडणाऱ्या बायकासुद्धा शेवटी ‘झालंच पाहिजे’वर येत.

शाळा परळला. आमचे हेडमास्तर भारी हौशी. स्वराज्य नवं होतं. मुलांना लोकशाहीचं बाळकडू मिळावं म्हणून त्यांनी शाळेत मंत्रिमंडळ काढलं होतं. क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री, झालंच तर पाणीमंत्री. पाणीमंत्र्याने सकाळी माठ भरलेत का ते बघायचं आणि दिवसभर ऐटीत हिंडायचं. बाहेर मोठी माणसं राज्य मिळावं म्हणून लाठ्या खात होती आणि आमच्या शाळेत राज्याच्या आधीच मंत्रिमंडळ तयार होतं. वर्षाच्या सुरुवातीला शपथविधीची सभा भरायची. त्यात हेडमास्तरांनी एक रिवाज पाडला होता. मंत्र्याच्या छातीवर बिल्ला लावायचा तो त्याच्या आईने. ‘आई हा पहिला गुरू’ हे वाक्य ते दरवर्षी म्हणायचे आणि म्हणून झालं की चष्मा पुसायचे.

मी दहावीत असताना मुख्यमंत्री म्हणून निवडून आले. मुलगी निवडून येण्याची ती पहिलीच खेप. माझ्याविरुद्ध उभा राहिलेला मुलगा हिंदमाताजवळ राहायचा. घराणं मुंबईतलं जुनं, आजोबांपासून सगळे मोठ्या कचेऱ्यांतून नोकऱ्या केलेले. तो हरला म्हणून उपमुख्यमंत्री झाला. निकाल लागल्यावर सगळ्यांत आधी त्यानेच येऊन माझं अभिनंदन केलं. मी त्याला चिडवायचं ठरवून बसले होते, त्यामुळे माझीच पंचाईत झाली. तो मुलगा होताच तसा सरळ.

या सभेच्या काही महिने आधी आमच्या खाणावळीतला एक जण गोळीबारात गेला होता. तो वडिलांच्या गावचा, आईला वैनी म्हणायचा. अंगाने काटकुळा पण उंच. मोर्चाच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्याला म्हणालं, तू उंच आहेस, फलक तू धर, म्हणजे लांबून दिसेल. त्या दिवशी जेवताना त्याने दोनदा सांगितलं, “वैनी, माका फुडे घेतल्यानी.” आईने कौतुकाने त्याच्या ताटात माशाची एक तुकडी जास्त वाढली. दुसऱ्या दिवशी मोर्चात त्याच्या मागे चालणारे आमचे बाकीचे सगळे परत आले. तो आला नाही. आई आठवडाभर स्वयंपाक करत होती, पण मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. सगळे तसंच जेवून उठायचे.

मला हे सगळं ठाऊक होतं. पण चौदा-पंधराव्या वर्षी छातीवर बिल्ला लागणार म्हटल्यावर दुसरं काही डोक्यात राहत नाही. मी आईच्या मागे लागून तिला शाळेत आणली. ती त्याआधी शाळेची पायरी कधी चढली नव्हती. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती बायकांच्या रांगेत अंग चोरून बसली होती.

माझं नाव पुकारलं. मी शपथ घेतली. आई मंचावर आली. हेडमास्तरांनी तिच्या तळहातावर पितळेचा बिल्ला ठेवला. मी छाती पुढे काढून उभी राहिले. आई बिल्ल्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे आणि मग हेडमास्तरांकडे वळली.

“मास्तरानू, ह्यो बिल्लो मी लावचंय नाय,” ती म्हणाली. “माज्या चेडवाक फुडे उभा करू नकात. फुडे असता त्याकाच पयली लागता.”

ती हळूच बोलली होती. पण समोर लाउडस्पीकरचा माईक होता, त्यामुळे ते अख्ख्या पटांगणाला ऐकू गेलं. मुलं हसली, तिच्या बोलण्याला. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळात बघितलं. हेडमास्तर वेळ मारून नेण्यात पटाईत. “वा! मातृहृदय!” असं म्हणून त्यांनी स्वतःच टाळी वाजवली, आणि शाळेला सवयच होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईच्या पोटातल्या भीतीलासुद्धा आमच्या शाळेने टाळ्या वाजवल्या. लगेच त्यांनी माझ्या जागी उपमुख्यमंत्र्याला बोलावलं आणि त्याच्या आईला वर यायची विनंती केली. त्या आल्या. गोऱ्या, नीटनेटक्या, पाचवारी नेसलेल्या. बिल्ला अजून माझ्या आईच्याच हातात होता. तिने तो हळदीकुंकवाला पान-सुपारी द्यावी तसा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “घेवा.” त्यांनी तो आपल्या मुलाच्या सदऱ्याला लावला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

घरी आल्यावर मी आकाशपाताळ एक केलं. शाळेत माझी नाचक्की झाली, आता मी तोंड कसं दाखवू, तू अडाणी आहेस, काय वाट्टेल ते बोलले. आई तांदूळ निवडत होती. “होवंदे नाचक्की,” ती म्हणाली. “जीव तरी रवात.” मी दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भुकेपुढे माझा स्वाभिमान हरला.

त्याच वर्षी एका हरताळाच्या दिवशी वरच्या वर्गातली मुलं शाळेतून बाहेर पडून मोर्चाने निघाली. मीही गेले, आईला न सांगता. फाटकाजवळ थोडा गोंधळ झाला, कोण कुठे चालणार यावरून. तेव्हा कुणीतरी ओरडलं, “मंत्रिमंडळ पुढे!” आणि ते सगळ्यांना पटलं. शाळेत रांगा लावताना जे पुढे असायचे तेच रस्त्यावरही पुढे असणार, यात कुणाला वावगं वाटलं नाही. तो मुलगा बिल्ला सारखा करून पहिल्या रांगेत गेला. आम्हां मुलींना मागे ठेवलं होतं. दादरच्या बाजूला थोडं पुढे गेलो असू, तोच पुढून आरडाओरडा आला आणि घोळका उलटा फिरला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. मी धावले, चप्पल तुटली, अनवाणीच घर गाठलं. त्याच्या तोंडावर लाठी बसल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. डावा डोळा गेला.

आईला मीच सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तव्यावरची भाकरी करपून धूर यायला लागला तरी तिने उलथली नाही.

पुढची गंमत, गंमतच म्हणते, कारण दुसरा शब्द लिहिला तर तो छापण्याजोगा नसेल. मोर्चात जाणाऱ्यांची नावं पटावरून कमी करू, अशी सूचना वर्गावर्गांतून फिरवणारे आमचे हेडमास्तर. पण गावभर मुलाचं कौतुक व्हायला लागलं, तशी वारा वाहील तशी पाठ फिरवून त्यांनी सभा बोलावली. विषय होता, ‘विद्यार्थी नेतृत्वाचा गौरव’. चांदीचं पदक आणलं होतं, आणि ते लावायला रिवाजाप्रमाणे आईला बोलावलं. या खेपेला माझी आई कुणी न सांगता आली होती. ती अगदी मागे, भिंतीला टेकून उभी होती.

मुलगा मंचावर आला तो डाव्या अंगाला असलेल्या खुर्चीला अडखळला. त्याच्या आईने त्याला सावरलं. मग त्यांनी त्याच्या सदऱ्याला पदक लावलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मी मागे वळून बघितलं. माझ्या आईचे हात पदराखाली होते.

सभा सुटल्यावर आम्ही निघालो, तर व्हरांड्यात त्या मुलाच्या आई समोर येऊन उभ्या राहिल्या. क्षणभर वाटलं, नुसतंच बोलायला आल्या असतील.

“तुम्हीच ना त्या?” त्यांनी विचारलं. आईने मान हलवली.

“तुम्हांला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. “पुढच्याला आधी लागतं, हे तुम्ही हेडमास्तरांना सांगितलंत. स्वतःच्या मुलीला बाजूला घेतलंत. आणि मग तोच बिल्ला माझ्या हातावर ठेवलात. ‘घेवा’ म्हणालात. मला का नाही हो सांगितलंत? मीही आईच होते ना त्याची?”

माझं डोकं भडकलं. लाउडस्पीकरवरून सगळ्या शाळेने ऐकलं होतं ते तुम्हीही ऐकलंत, मग बिल्ला घेतलात कशाला, हे अगदी माझ्या ओठांवर होतं. पण मी तोंड उघडायच्या आत आईने माझं मनगट घट्ट धरलं. दुखेपर्यंत धरलं. त्या थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मग त्या मुलाचा हात धरून निघून गेल्या.

आम्ही लालबागपर्यंत चालत आलो. मीच न राहवून म्हटलं, “त्यांचं काय मनावर घेतेस? तुझं काय चुकलं?”

आई रस्त्याच्या कडेला थांबली.

“तिच्या झिलाकडे मी बघूकच नाय,” ती म्हणाली. “त्या दिसा माका तूच दिसत होतंस. चुकला असता, तर तिचे पाय धरून मोकळी झालंय असतंय. पण परत तशी येळ इली, तर मी परत तुकाच मागे ओढतलंय. मगे तिका काय सांगू?”

एवढं बोलून ती रस्ता ओलांडायला लागली. आणि मी, पंधरा वर्षांची घोडी, तिचा पदर धरून तिच्या मागून चालले.