बदलांच्या यादीत राहिलेलं नाव

तुमचं नाव मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर काय येतं, आणि ते तिथे कोणी ठेवलं? माझ्या एका मित्राच्या बाबतीत ते मी ठेवलं.

मी वेबसाइट बनवतो. पोटासाठी दुसऱ्यांच्या, आणि गेली काही वर्षं स्वतःची एक. तिच्यावर मी मराठीत लिहितो, बहुतेक ठेक्यावरच्या कामगारांबद्दल. रविवारी सकाळी पिंपळे गुरवच्या खोलीत चहा ठेवायचा, आठवडाभराची टिपणं साध्या फाइलमध्ये उतरवायची, दोनदा मोठ्याने वाचायची आणि चढवायची. जाहिरात नाही, वाचक मोजणारं यंत्र नाही, पान उघडल्या उघडल्या अंगावर येणारी चौकट नाही. दुसऱ्यांच्या साइटवर हे सगळं मीच बसवतो, म्हणून माझ्या साइटवर नको.

मोठ्याने वाचायचं आणखी एक कारण आहे. आठवड्यात माझ्या तोंडून मराठी निघते ती जवळपास तेवढीच. काम घरून, मीटिंगा इंग्रजीत. मेसवाला डबा दाराच्या कडीला अडकवून जातो, संध्याकाळी रिकामा डबा मी तिथेच अडकवतो. महिना महिना आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नाही.

वडील आकुर्डीला कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. माझं वाचन त्या पत्रकांवर झालं. शाळेतून आलो की घरात शाईचा वास असायचा आणि मी घड्या घालायला बसायचो. शिफ्ट सुटताना वडील ती गेटवर वाटायचे. दुसऱ्या दिवशी तीच पत्रकं गटारीत, नाहीतर कुणाच्या सायकलच्या ओल्या सीटवर. त्यातलं एकही आज आमच्याकडे नाही. वडिलांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

म्हणून ब्लॉग सुरू करताना मी नियम केला: लिहिलेलं गुपचूप बदलायचं नाही. प्रत्येक पानाखाली बदलांची यादी. एक शब्द फिरवला तरी जुना कोणता, नवा कोणता, कधी फिरवला, हे कुणालाही पाहता यावं. मोठमोठ्या कंपन्या आपली आश्वासनं साइटवरून कशी हळूच उचलतात हे मी धंद्यामुळे जवळून पाहिलंय. मला तसं वागायचं नव्हतं. वडिलांचा नियमही उचलला: नाव घालायचं. निनावी मजकुराला ते चहाडी म्हणत.

मित्र कॉलेजातला, चाकणकडच्या एका गावचा. डिप्लोमा अर्ध्यात सोडून तो ठेकेदारामार्फत पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागला. माझा ब्लॉग नेमाने वाचणारा बहुधा तो एकटाच. सोमवारी त्याचा मेसेज यायचा, "लई तापलायस राव. जेवलास का?"

मग एका शिफ्टला त्याची दोन बोटं गेली. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर माल जास्त निघावा म्हणून बंद ठेवला होता. ठेकेदाराने कागदावर लिहिलं, बोटं घरी चारा कापताना कडबाकुट्टीत गेली. मित्राच्या घरच्या गोठ्यात आता मोटरसायकल उभी असते. गुरं नाहीत, तर कडबाकुट्टी कुठली?

"लिही तू," तो म्हणाला. हाताला बँडेज होतं.

"नावासकट?"

"नावासकट. मी काय चोरी केलीय व्हय?"

मी लिहिलं. लेख ग्रुपांवर फिरला, लोकांनी आपापल्या साइटवर उतरवून घेतला. पहिल्यांदाच मला अनोळखी माणसांची पत्रं आली. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी खुशीत होतो.

जखम भरल्यावर तो काम शोधायला निघाला. प्रत्येक ठेकेदाराच्या ऑफिसात कारकून फॉर्मवरचं नाव मोबाइलवर टाकायचा, वाचायचा आणि म्हणायचा, "कळवतो." तिसऱ्या ठिकाणाहून परतल्यावर त्याचा फोन आला.

"भावा, नाव काढ तेवढं. कुणी घेईना मला."

"पण सगळं खरंय ना?"

"खरंच हाय. म्हणून तर घेईनात."

मी आठ दिवस घेतले. तो घरी बसलेला असताना मी माझ्या नियमाचा विचार करत होतो. शेवटी नाव काढलं, आणि नियमाप्रमाणे खालच्या यादीत नोंद केली: अमक्याच्या विनंतीवरून अमक्याचं नाव काढलं. अमक्याच्या जागी त्याचं पूर्ण नाव. लेखातून ते गेलं, यादीत बसलं, आणि शोधणाऱ्याला आता यादीच आधी दिसू लागली.

पुढच्या कारकुनाने ती त्याच्यासमोर धरली. मित्राने त्या स्क्रीनचा फोटो मला पाठवला. खाली एवढंच, "वा रं पठ्ठ्या." त्यानंतर सोमवारी मेसेज आला नाही.

मी यादी पुसली, मागचा सगळा इतिहास पुसला, शोधयंत्राला अर्ज करून तिथूनही नाव काढून घेतलं. पण बाहेरच्या प्रती माझ्या हातात नव्हत्या. वडील आता लातूरकडे गावी असतात. त्यांना फोन केला.

"मी त्याला विचारलं होतं, अण्णा."

"त्याला विचारलास. घरात विचारलास का?"

"घरात?"

"गडी तावात हो म्हणतोय की. पत्रकात कुणाचं नाव घालायचं म्हणलं की मी आधी त्याच्या घरी जायचो. बायको नको म्हणली की नाव नाही. संपलं."

हे मला माहीतच नव्हतं. पत्रक माझ्यापुढे घडी घालायला येई तोवर त्यांची ती फेरी होऊन गेलेली असे.

गेल्या रविवारी ब्लॉगवर काही चढवलं नाही. हा लेख इथवर लिहून झाला होता, तो फोनमध्ये घेऊन मित्राच्या घरी गेलो. तो "ये" म्हणाला आणि उठून मागच्या अंगणात जाऊन बसला. त्याच्या बायकोने लेख सावकाश वाचला. दोन वाक्यं आणि गावाचं नाव काढायला लावलं.

"ह्याचा आमाला काय उपेग?" तिने विचारलं.

"लोकांना नाव पुसायला सांगतो."

"मग तेवढंच लिवा की, एवढं कशाला?" फोन परत देताना म्हणाली, "त्यांनी अजून एका जागी फॉर्म भरलाय. ह्या म्हैन्यात बोलवतील."

मी अंगणात गेलो. तो हात मांडीखाली घेऊन बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस चुकंल तुझी." बसला अजून अर्धा तास होता. मी निघालो.

तेवढंच लिहिणं मला जमलं नाही. कारण सांगितल्याशिवाय तुम्ही कशाला पुसाल? तर विनंती अशी. तो जुना लेख तुम्ही कुठल्या ग्रुपवर पाठवला असेल, त्याचा स्क्रीनशॉट ठेवला असेल, तर आजच पुसा, आणि ज्यांना पाठवला त्यांनाही पुसायला सांगा. स्वतःच्या साइटवर उतरवला असेल तर मजकूर राहू द्या, बंद सेन्सर आणि कडबाकुट्टीची थाप लोकांना कळलीच पाहिजे. फक्त त्याच्या नावाच्या जागी 'एक कामगार' लिहा. लिहिणारा म्हणून माझं नाव ठेवा. आणि बदल केल्याची नोंद कुठेही करू नका.