लटकलेल्या झाकणाचे दिवस

आमच्या बोरगावच्या कारखान्यात दोन गोष्टींचा ढीग रोज वाढतो. एक रिजेक्ट झाकणांचा, दुसरा किश्श्यांचा. झाकणं दळून पुन्हा वापरता येतात, किस्से मात्र साठतच जातात!

मी पांढुर्ण्याची. डिप्लोमा करून इथे डिझाइनला लागले आणि पहिलंच काम हाती आलं ते असं : एका ज्यूस कंपनीला बाटलीपासून सुटणारच नाही असं झाकण हवं होतं. झाकणाखाली बारीक रिंग असते, ती सील. फिरवलं की मधले नाजूक टाके कटकट तुटतात आणि बाटली आधी कुणी उघडली नव्हती हे कळतं. आमच्या झाकणात सगळे टाके तुटायला हवेत, पण एक पट्टी तुटायला नको. त्या पट्टीवर झाकण लटकून राहणार. म्हणजे ते रस्त्यावर, नालीत, गाईच्या पोटात जाणार नाही.

झाकण पास झालं तर नव्या मशीनची शिफ्ट चालू राहणार. नाही झालं तर मशीन परत आणि शिफ्ट बंद. त्या शिफ्टला साऱ्या बाया, आणि त्यांच्यावर सुषमाताई. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम, हे ढक्कन तुमचं नाही, आमचं आहे. ध्यानात ठेवजा!"

*

पहिला लॉट आम्ही सौसरच्या एका किराणावाल्याकडे ठेवला. लोक वापरून काय म्हणतात ते बघायचं होतं. दोन दिवसांनी मी गेले, तर गडी एकदम खूश.

"ताई, माल डिफेक्टिव्ह होता तुमचा. ढक्कन अटकूनच राहत होतं. पण टेंशन घेऊ नका, आपली जुनी ओळख आहे!"

"मग काय केलं तुम्ही?"

"ब्लेडनं सारे कापून देल्ले ना! एकही कस्टमर नाराज नाही गेला."

मी त्याचे आभार मानले आणि बसमध्ये बसून दात-ओठ खाल्ले.

*

मग मी चिडून पट्टी जाड केली, टाकेही जाड केले. मशीनवरचे प्रल्हादभाऊ झाकण ओढून ओढून लाल झाले, पण ते काही तुटलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या! आमचे मालक वासुदेवराव, ज्यांना सगळे बाबूजी म्हणतात, मोठ्या कौतुकाने एक बाटली घरी घेऊन गेले.

सकाळी ती तशीच परत आली. बंद. सोबत बाबूजींच्या घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, निरोप होता.

"त्या पोरीले सांगजा, बाटली उघडाले ताकद पायजे, अन् ताकदीसाठी पह्यले पाणी पायजे!"

*

सगळं पुन्हा नाजूक केलं. आता खरी परीक्षा गर्दीत घ्यायची असं ठरलं. लोधीखेड्याला बाबूजींच्या पुतणीचं लग्न होतं. पाण्याच्या सगळ्या बाटल्यांना आमची झाकणं लावली. मी आणि सुषमाताई जेवणाच्या मांडवात उभ्या. पाहुणे सील कसं तोडतात ते बघायचं होतं.

पाहुण्यांच्या हातात बाटल्या आल्या त्या साऱ्या उघडलेल्या! मी धावत मागे गेले. तिथे घरचे काका-मामा गोल बसून एकेक सील फोडत होते.

"अहो, हे काय करून राहिले तुमी?" मी ओरडलेच.

एक मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "पाहुण्याले सोताच्या हातानं ढक्कन खोलाले लावाचं काय? काही रीतभात आहे का नाही?"

*

त्याच मांडवात पुढचा तमाशा झाला. आमच्याकडे बाटलीला तोंड कुणी लावत नाही. मान वर करायची, बाटली चार बोटं उंच धरायची आणि धार सोडायची. मी पण जन्मभर तसंच पीत आले. पण कागदावर झाकण काढताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही!

नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे नवे व्याही, रेशमी कुर्ता घालून उठले. मान वर केली, धार सोडली. लटकतं झाकण झुलत पुढे आलं, धारेत आडवं गेलं, आणि पाणी नाकात, गळ्यात, कुर्त्यावर.

व्याही नाक पुसत बाबूजींना म्हणाले, "भाऊ, पाणी पाजून राहिले का आंघोळ घालून राहिले?"

बाबूजी हसले खरे, पण मला इतकी लाज वाटली की मी जेवले नाही.

*

ज्यूस कंपनीच्या साहेबांना आम्ही फोनवर सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग लोकांना तोंड लावून प्यायला सांगा ना. बाटलीवर छापू आपण."

बाबूजी म्हणाले, "साहेब, आमच्याकडं एक बाटली साऱ्या घरात फिरते. एकानं तोंड लावलं, तर दुसरा पिईन काय? थोडा टाइम द्या. आमी ढक्कनच मागं वाकवतो."

साहेबांनी एकच ट्रायल कबूल केली. तीही स्वतः येऊन बघणार.

मग आम्ही पेटलो! पट्टीच्या बुडाशी मी एक खाच काढली. झाकण मागे ढकललं की खट् करून बसावं आणि तिथेच राहावं. बसेना. पुन्हा काढली, पुन्हा साचा घासला. तपासायला सुषमाताईंची शिफ्ट होती. पदर ओला, तर सॅम्पल फेल, असा त्यांचाच नियम.

"तुमी डिझाइन काढत राहा मॅडम, आमी पीत राहतो!"

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी प्रल्हादभाऊ वैतागून ऑफिसात आले. "बाबूजी, सारी शिफ्ट बाथरूमच्या लायनीत उभी आहे. मशीन काय मी एकटा चालवू?"

पण त्याच संध्याकाळी घरी जायची बस यायच्या आधी एक पदर कोरडा राहिला. मग दुसरा. सुषमाताईंनी मला मिठीच मारली.

*

साहेब आले ते भर उन्हात, घामाघूम. आम्ही सगळे टेबलाभोवती उभे. बाबूजी प्रस्तावना सुरू करणार तेवढ्यात साहेबांनी समोरची बाटली उचलली.

कटकट टाके तुटले. झाकण मागे गेलं, खट्. साहेबांनी मान वर केली आणि उंचावरून धार सोडली. अर्धी बाटली एका दमात. शर्टावर थेंब नाही.

साहेबांनी तोंड पुसलं. मग टेबलावर नजर फिरवली. फाईल उचलून खाली बघितलं. खिसा चाचपला.

"अरे, झाकण कुठे ठेवलं मी?"

प्रल्हादभाऊ काहीतरी बोलणार होते, बाबूजींनी त्यांचा हात दाबला.

साहेब बाटली हातात धरून खुर्ची सरकवून टेबलाखाली वाकले.

"पाहा ना साहेब, आरामात पाहा," सुषमाताई म्हणाल्या. "सापडन!"