ताणायची रोटी

बुधवारी बाजाराच्या यादीतली सगळी कामं उरकली की मी सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत लंबी रोटी घ्यायला जात असे. ती करणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत त्या कोपरापर्यंत ताणायच्या आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर पसरायच्या. ताणताना जराशी फाटली, की पुन्हा गोळा. माझी घरची कामं खोळंबायची.

एकदा मी म्हटलं, "मावशी, फाटकी चालेल. पोटातच तर जायची."

"तुले चालते वं बाई. माह्या हाताले नाही चालत," म्हणून त्या हसल्या.

यंदा दिवाळीनंतर गेले, तर त्यांची सून रोटी करत होती. मावशी बाजूला बसल्या होत्या. पडून खांदा मोडला होता आणि उजवा हात आता वर जात नव्हता. सुनेची रोटी सुरेख होती, कुठे एक भोक नाही. मी कौतुक केलं.

"हो ना. माह्याहून बेस करते पोरगी," मावशी म्हणाल्या. मग सुनेच्या हातांवर लांबत जाणाऱ्या कणकेकडे बघत राहिल्या.

"खायले तर रोज भेटते वं," त्या हळूच म्हणाल्या. "ताणाले नाही भेटत आता."