सावली पायरीला लागेपर्यंत

१४ ऑक्टोबर १९४६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. पुण्यात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी तराजूवर क्षाराचे वजन करत होते, तेव्हा शिपायाने पोस्टकार्ड आणून दिले. द्वारकाबाई गेल्या. मी आधी वजन पुरे केले, वहीत टिपले आणि मगच रडले... हा क्रम बाईंनीच शिकवलेला.

त्या हिर्डोशीच्या शाळेत शिक्षिका होत्या. चारला शाळा सुटली की मुले रानातून गुरे वळवून आणत, गोठ्यात बांधत आणि पुन्हा शाळेत येत. आईबाप खळ्यावरून परतेपर्यंत बाई त्यांना कंदिलाभोवती बसवून वाचन घेत, गणिते सोडवून घेत. दिवसाच्या वर्गात मागे पडलेले पोर इथे पुढच्याला गाठी, त्यामुळे हेडमास्तरांचेही ओझे हलके होई. शेजारची ठकूमावशी म्हणायची, "बाईंपाशी पोरं हायत म्हनून म्या झोडणीला हात लावते. न्हाईतर निम्मा जीव वड्याकाठी!" या वर्गाची वेळ घड्याळावर नव्हती. अंगणातल्या उंबराची सावली शाळेच्या पायरीला लागली की वर्ग भरे. मंजुरीच्या कागदावर मात्र कोणा कारकुनाने 'पाच वाजता' असे लिहिले होते, आणि ते दुरुस्त करून घ्यावे असे बाईंना कधी सुचले नाही.

मी दहा वर्षांची असताना, मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, तपासणीस साहेब ठीक पाचला आले. वर्गात मी एकटी. आमच्या घरी गुरे नव्हती, म्हणून मी नेहमीच सगळ्यांच्या आधी येई.

"बाकीचे कुठं आहेत गं?"

"न्हाईत," मी म्हणाले.

साहेब सोबतच्या कारकुनाकडे पाहून हसले. "लिहा. एक बाई, एक पोरगी. वर्ग कसला, पाहुणचार आहे हा!"

"साहेब, सावली पायरीला लागू द्या. मुलं येतील."

"बाई, सरकार सावलीवर चालत नाही."

वाटेत अंधार पडू नये म्हणून ते सव्वापाचला निघाले. त्यांची गाडी वळणाआड गेली तेव्हा पायरी अजून उन्हात होती. मग गुरांच्या घंटा ऐकू आल्या... आणि थोड्या वेळाने मुले. बाई मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "खोटं नाही बोललीस. अपुरं बोललीस. मोजणाऱ्याला दोन्ही सारखंच." तीन आठवड्यांनी वर्ग बंद करण्याचा हुकूम आला.

मागच्या आठवड्यात भोरला शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी तेच साहेब, आता निवृत्त. तसबिरीला हार घालून ते म्हणाले, "हिर्डोशीच्या त्या वर्गाला मी प्रथमपासून उत्तेजन दिलं." लोकांनी माना डोलावल्या. तोंडी उत्तर विरून जाते, छापलेले राहते. साहेब या वर्तमानपत्राची पुरवणी दर रविवारी वाचतात, म्हणून इथे लिहिते आहे.

साहेब, तुमचा आकडा अखेर खरा ठरला. त्या मुलांपैकी चौथीच्या पुढे गेलेली मी एकटी. एक. तुम्ही तो मोजला नव्हता, घडवला. क्षमा बाईंच्या स्वभावात होती. ती त्यांच्याबरोबर गेली. तपासणीसाच्या जागेसाठी मी अर्ज केला आहे. जागा मिळाली तर पहिली तपासणी हिर्डोशीची. दप्तरातून तुमचा शेरा काढीन आणि तुमच्या सहीच्या खाली बाईंची नोंद उतरवीन.

ती नोंद माझ्यापाशी आहे. बाईंची हजेरीवही त्यांच्या भाच्याने मला दिली. ती आता माझ्या टेबलावर, तराजूशेजारी असते. हुकूम आला त्या दिवशी खोलीला कुलूप होते. आम्ही मुले तरीही आलो, सावलीबरोबर. बाईंनी आम्हाला पायरीपाशी ओळीने उभे केले, एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजले आणि घरी धाडले. त्या दिवसाच्या रकान्यात 'हजर' हा शब्द खोडलेला आहे. वर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले आहे: परत पाठवले, ३१.