वेंकोबारावांचा उलटा पेपर

मद्रासमधल्या मांबळमच्या ज्या गल्लीत वेंकोबाराव राहत, तिथं रोज सकाळी कॉफीच्या वेळेला एक खणखणीत आवाज ऐकू येई. नव्या माणसाला वाटे, राव कुणाला तरी फैलावर घेताहेत. तसं काही नसे. राव पेपर वाचत असत. वाचत असत म्हणणंही चूकच. वकील साक्षीदाराची घेतो तशी ते प्रत्येक बातमीची उलटतपासणी घेत.

ओट्यावर आरामखुर्ची, कमरेला वेष्टी, उघड्या खांद्यावर टॉवेल, हातात इंग्रजी पेपर. आत स्वयंपाकघरात तुळसीबाई. त्यांना इंग्रजी येत नसे, म्हणून राव एकेक बातमी आपल्या तंजावरी मराठीत करून आत फेकत आणि वर आपलं मत जोडत. घराणं तंजावरचं, विमा कंपनीच्या नोकरीपायी राव मद्रासला आले, तिथंच कारकुनी करता करता पिकले आणि पेन्शनीत निघाले. ऑफिसात कुणावर संशय घ्यायची सोय नव्हती, साहेब ऐकून घेत नसे. पेपर बिचारा ऐकून घेई.

"ऐकलीस काय गे? तांदूळ पुष्कळ आहे म्हणून मंत्री सांगतो. पुष्कळ असता तर सांगत बसला असता काय? आजच एक पोतं आणवून ठेवूं."

"सरि," तुळसीबाई आतून तमिळ होकार देत. आणि पोतं येई.

गंमत अशी की पुष्कळदा रावांचंच खरं ठरे. टंचाई नाही असं छापून आलं की महिन्याभरात दुकानापुढं रांग लागे. आण्यांऐवजी नवे पैसे आले तेव्हा 'जनतेचा गोंधळ होणार नाही' असं अग्रलेखात वाचून रावांनी आधीच घरात जुनी चिल्लर साठवली होती. पुढं गल्लीतले सगळे बसकंडक्टरांशी भांडत असताना राव शांतपणे ओट्यावर बसून होते. त्यामुळं झालं काय, की गल्ली पेपर विकत घेई, पण विश्वास ठेवी तो रावांच्या उलट्या वाचनावर. शेजारचा नारायणस्वामी बँकेत चांगला अधिकारी, पण रॉकेल भरायचं की नाही हे तो रावांच्या ओट्याकडं बघून ठरवी.

एक बातमी मात्र राव कधीच वाचून दाखवत नसत. रेल्वेची. नवी गाडी सुरू होवो, वेळापत्रक बदलो, कुठं रूळ वाहून जावोत, त्या रकान्यापाशी आले की ते घसा खाकरत आणि पान उलटत. तुळसीबाईंना पानाचा आवाज ओळखू येई.

त्याचं कारण जुनं होतं. बेचाळीस साली जपानी आरमाराच्या भीतीनं मद्रास गळाठलं होतं. आधी कित्येक दिवस पेपर म्हणत होता, शहराला धोका नाही. रावांनी मानलं. मग एका सकाळी त्याच पेपरात आलं, ज्यांचं इथं काम नाही त्यांनी शहर सोडून जावं. रावांनी तेही मानलं. नोकरीमुळं ते स्वतः राहिले, आणि तुळसीबाईंना मांडीवरच्या रत्नाकरसकट तंजावरच्या गाडीत कोंबून आले. उन्हाळ्याचे दिवस, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, प्यायला पाणी नाही. पोर तापानं फणफणत तंजावरला पोचलं आणि तिथंच गेलं. त्या उन्हाळ्यात मद्रासवर बॉम्ब काही पडला नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. राव तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकू लागले. पुढं भवानी झाली, मोठी झाली, तिचं लग्न होऊन ती तंजावरलाच दिली गेली. गाडीचं नाव मात्र घरात निघालं नाही.

बासष्ट सालच्या जानेवारीत भवानीचा आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तंजावरची काय आणि मद्रासची काय, सगळीकडं एकच. ओटी भरून झाली होती, तिला आणायला रावांनीच जायचं होतं आणि तिकीटही काढून झालं होतं. वार्षिक दळण असावं तशी तुळसीबाईंनी बाळंतिणीच्या औषधांची कुटाकुट चालवली होती.

तेवढ्यात अष्टग्रहांनी घोळ घातला. फेब्रुवारीच्या आरंभी आठ ग्रह मकर राशीत गोळा होणार आणि जगबुडी होणार, असं ज्योतिषी सांगू लागले. पेपरात ते छापून आलं तेव्हा राव पोट धरून हसले.

"आठच ना? आपल्या घरीं श्राद्धाला आठाच्या वर माणसं होतात. कधीं जग बुडालं काय?"

तुळसीबाईंना हायसं वाटलं. पण चार दिवसांनी पेपरनं अग्रलेख लिहिला. घाबरण्याचं काही कारण नाही, शास्त्रज्ञांना विचारलं आहे, लोकांनी निर्धास्तपणे आपले व्यवहार करावेत. राव वाचता वाचता थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "घाबरूं नका म्हणून कुणी विचारलं होतं यांना?"

त्याच संध्याकाळी ते तिकीट परत करून आले. गल्लीत ही बातमी पेपरापेक्षा लवकर पसरली. नारायणस्वामीनं तिरुपतीचा बेत रद्द केला. समोरच्या घरी होम सुरू झाला. उलटे राव जात नाहीत म्हणजे नक्की काहीतरी आहे, असं जो तो म्हणू लागला, आणि लोक इतके घाबरलेले पाहून रावांचा संशय आणखी बळावला.

तंजावरहून व्याह्यांचं पत्र आलं. ते शाळेत विज्ञान शिकवत, ग्रहांना भीक घालणारे नव्हते. त्यांनी कळवलं, नववा लागल्यावर आम्ही तिला प्रवास करू देणार नाही. या दोन-चार दिवसांत नेली तर नेली, नाहीतर बाळंतपण इथंच. भवानीनं खाली एकच ओळ लिहिली होती, की अप्पा, मला अम्माजवळ यायचं आहे.

"नववा लागला तर लागूं दे," राव म्हणाले. "तिथं काय माणसं नाहींत?"

तुळसीबाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. एरवी त्या उंबऱ्याच्या आतूनच बोलत.

"बेचाळिसांत पेपर काय म्हणाला होता?"

रावांनी पेपर वर धरला.

"जा म्हणून म्हणाला. तुम्ही मानलांत. आज भय नाहीं म्हणून म्हणतो, तर तुम्ही भितां. तेव्हां सुलटा वाचलांत, आतां उलटा वाचतां. दोन्ही वेळीं या घरांत पेपराचंच चालतं. तुमचं कधीं चालायचं?"

"तुला काय कळतंय यांतलं!"

"त्या गाडींत मी होतें. तुम्ही नव्हतांत. मला तिचं भय नाहीं. मी जातें लेकीला आणायला."

ही बाई कोपऱ्यावरच्या देवळापलीकडं कधी एकटी गेली नव्हती. ग्रह जमायच्या आदल्या संध्याकाळी तिनं हातात टोपली घेतली, देवाला दिवा लावला आणि रिक्षात बसून एग्मोर स्टेशनाकडं निघून गेली. राव खुर्चीतून उठले, रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले आणि पुन्हा बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

दुसरा दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. त्या रात्री मायलेकी तंजावरहून निघणार होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटेच राव ओट्यावर येऊन बसले. कॉफी त्यांनी स्वतः केली होती आणि ती प्यायच्या लायकीची नव्हती. पेपर आला. पहिलं पान त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आतल्या पानावर, नेहमी खाकरून उलटायच्या त्या रकान्यात, चार ओळी होत्या. लोकांच्या भीतीमुळं गाड्या रिकाम्या धावत आहेत, पण वेळेवर आहेत.

रावांनी सवयीनं मोठ्यांदा वाचलं. "गाड्या वेळेवर आहेत म्हणून." स्वयंपाकघरातून कुणी 'सरि' म्हटलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं. आता ही ओळ सुलटी धरायची की उलटी, ते त्यांना समजेना. खरी मानावी, तर मागं एकदा मानलेलंच होतं. खोटी मानावी, तर त्या गाडीत दोघी, नव्हे, तिघं होते.

त्यांनी सदरा चढवला, पेपर बगलेत मारला आणि निघाले.

नारायणस्वामीनं त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "राव, आज बाहेर? पेपरात काही आहे का?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"मला ठाऊक नाही," राव म्हणाले. गल्लीत त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

एग्मोरला फलाटावर कुत्रंसुद्धा नव्हतं. रावांनी एका हमालाला विचारलं, गाडी वेळेवर आहे का. आहे म्हणाला. दुसऱ्याला विचारलं. मग फलकावर पाहिलं, मग घड्याळ चालू आहे का ते पाहिलं. एवढ्यात गाडी आलीच. मोकळ्या डब्याच्या दारात तुळसीबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या खांद्याला धरून भवानी सावकाश उतरली.

"अप्पा! तुम्ही आलांत?"

फलाटावरच्या बाकावर कोळशाची पूड होती. रावांनी बगलेतला पेपर काढला, उलगडून बाकावर पसरला आणि लेकीला म्हणाले, "बैस. दम घे."

ती पेपरावर बसली. राव डब्याच्या दारापाशी गेले आणि आत बघत राहिले. आतली बाकं रिकामी होती. उभ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसानं वीस वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते आता दाराकडं तोंड करूनच विचारलं.

"तेव्हां तूं कुठं बसली होतीस?"

तुळसीबाईंनी टोपली खाली ठेवली. तेव्हां म्हणजे केव्हां, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"बाकावर जागा नव्हती. दाराजवळ, आपल्या ट्रंकेवर."

"पाणी मिळालं काय?"

"विळुप्पुरम स्टेशनांत पलटणींतल्या एका शिपायानं दिलं. आपल्या बाटलींतलं. रत्नाकर प्याला थोडं."

"प्याला?"

"प्याला," तुळसीबाई म्हणाल्या.

रावांनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांनी टोपली उचलली.